सेन्सर लाल झाला, तरी मशीन थांबलं नाही

हे प्रकरण २०२२ च्या फेब्रुवारीतलं, चाकण एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमधलं, म्हणजे जिथे पत्रा मशीनखाली दाबून पार्ट बनवतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कामगाराचंही नाही. मी तिथे प्रॉडक्शन सुपरवायझर होतो आणि सोबत सेफ्टीचा एक्स्ट्रा चार्ज. फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे १००० किंवा जास्त कामगार असतील तिथे तेव्हा सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा, आमच्याकडे कंत्राटी पोरं धरून १४० च्या आसपास, मग काय, ज्याला पीपीटी उघडता येते त्याच्या गळ्यात सेफ्टी. तर हे लिहिणारा माणूस या प्रकरणाच्या बाहेरचा नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

मशीन म्हणजे ६३ टनी सी-फ्रेम पॉवर प्रेस, पिन क्लचवालं. काम टू-व्हीलरच्या एका ब्रॅकेटचं फॉर्मिंग. ब्लँक (कापलेला पत्रा) हातानं डायमध्ये (साच्यात) ठेवायचा, दोन्ही बटणं दाबायची, स्ट्रोक झाला, म्हणजे रॅम, तो वरचा जड ठोकळा, एकदा खाली येऊन वर गेला, की पीस काढायचा, पुढचा ठेवायचा. टार्गेट शिफ्टला २८००. ऑपरेटर बीडकडचा, वय चोवीस, ठेकेदाराकडून आलेला, चार महिने झाले होते. हुशार पोरगा. पहिल्या महिन्यातच टार्गेट काढायला लागला म्हणून त्याला परमनंट त्याच मशीनवर लावला. (मशीनवर परमनंट, पगारपत्रकावर नाही.)

बुधवारची सेकंड शिफ्ट. दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्याकडे सुट्टी गुरुवारची असते, त्यामुळे बुधवारी रात्री सगळ्यांना माल संपवून घरी पळायची घाई. साडेनऊच्या सुमारास त्याचा पीस खालच्या डायला चिकटला. रॅम वर गेला, त्यानं उजव्या हातानं पीस काढायला बोटं आत घातली, आणि रॅम पुन्हा खाली आला. कुणी बटण दाबलेलं नव्हतं. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली.

त्यानंतरची दहा मिनिटं आम्ही जे केलं ते ट्रेनिंगचाच भाग आहे म्हणून लिहितो. एका हेल्परनं डायमधून बोटाचा तुकडा उचलला, दुसरा गेटबाहेरच्या टपरीवरून बर्फ घेऊन आला, आणि तुकडा थेट बर्फात टाकून आम्ही गाडी काढली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पिशवी बघितली आणि म्हणाले, असं करायचं नसतं. तुकडा स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, बर्फ तुकड्याला लागला की पेशी मरतात. पुढे हेही म्हणाले की प्रेसखाली चिरडलेलं बोट असंही जोडलं जाणं अवघडच, पात्यानं कापलेलं असतं तर गोष्ट वेगळी. मी मान हलवली. आमच्या फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये साप चावला तर काय करायचं होतं, डमीवर छाती दाबायचं होतं, आगीचे सिलिंडर कसे वापरायचे यावर बारा स्लाइड होत्या. प्रेस शॉपमध्ये तुटलेल्या बोटाचं काय करायचं यावर एक ओळ नव्हती. ती पीपीटी मी कुठून तरी घेतलेली, एका केमिकल कंपनीची होती बहुतेक.

शुक्रवारी सकाळी रिपोर्ट. ऑटो लाइनमधे आहेत त्यांना माहितीय, कस्टमरला व्हाय-व्हाय (एकामागून एक 'का' विचारून काढलेलं कारण) करून पाठवावं लागतं. आमचा पहिला व्हाय-व्हाय असा झाला: बोट का गेलं, हात डायमध्ये घातला म्हणून. हात का घातला, चिमटा वापरला नाही म्हणून. चिमटा का वापरला नाही, ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय, रिट्रेनिंग. आणि पुरावा म्हणून ट्रेनिंग रजिस्टरची झेरॉक्स, त्यात त्या पोराच्या सह्या तीन ठिकाणी. इंडक्शनची, पीपीई (सुरक्षेची साधनं) मिळाल्याची, आणि जानेवारीतल्या प्रेस सेफ्टी ट्रेनिंगची. रजिस्टर आमचं एक नंबर होतं, ऑडिटर नेहमी कौतुक करायचे.

वर अजून एक गोष्ट सापडली, जिच्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. मशीनच्या डाव्या बटणावर एक रुपयाचं नाणं ठेवून वरून टेप लावलेली. म्हणजे बटण कायम दाबलेलं, मशीन एका हातानं चालवायचं, दुसरा हात मोकळा. फोटो काढला, रिपोर्टला जोडला. मॅनेजर म्हणाले, झालं, हेच कारण. मीही तेच धरून बसलो होतो, खोटं का बोलू.

डाय बसवणाऱ्या, म्हणजे डायसेटर मामांनी ते नाणं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, नाणं राहू द्या. बटणं दोन्ही हातानं दाबली असती तरी बोट गेलंच असतं. मशीन डबल मारलंय." आणि मग हळूच, "सोमवारीच सांगत होता पोरगं, मशीन डबल मारायलंय म्हणून. मी लॅच घट्ट करून दिला, चाललं, म्हणून सोडलं."

इथे जरा थांबून पिन क्लच समजावून सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. या मशीनचं फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, सतत फिरत असतं. बटण दाबलं की एक पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि रॅम खालीवर करणाऱ्या क्रँकशाफ्टला फिरवते, एक पूर्ण फेरा झाला की लॅच त्या पिनला बाहेर ओढतो, रॅम वर थांबतो. मधे थांबणं हा प्रकारच नाही. एकदा पिन अडकली की फेरा पूर्ण होणारच, तुम्ही बटण सोडा, इमर्जन्सी दाबा, मेन बंद करा, काहीही करा. आणि लॅचची स्प्रिंग तुटली किंवा ढिली झाली तर पिन बाहेरच येत नाही, मशीन न सांगता दुसरा स्ट्रोक मारतं. शॉप फ्लोअरवर याला डबल मारणं म्हणतात, प्रेसवर वर्ष काढलेल्या कुणालाही विचारा. आमचं मशीन मिनिटाला साधारण ६० स्ट्रोक, म्हणजे वरून खाली यायला अर्धा सेकंद. मामांनी कव्हर काढलं तेव्हा स्प्रिंगचे दोन तुकडे खाली ग्रीसमध्ये पडलेले.

आता सेन्सर. अपघाताच्या सहा महिने आधी कस्टमर ऑडिटमध्ये पॉइंट आला म्हणून सगळ्या मशीनना लाइट कर्टन बसवले होते. उभ्या दोन पट्ट्या, मधून न दिसणारे किरण, हात मधे आला की हिरवा दिवा लाल होतो आणि सिग्नल तुटतो. ज्या प्रेसला एअरचा फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असतो तिथे सिग्नल तुटला की रॅम वाटेत थांबतो, तिथे ही फार कामाची वस्तू आहे. पिन क्लचवर ती एवढंच करू शकते की हात आत असताना नवीन स्ट्रोक सुरू होऊ देत नाही. सुरू झालेला स्ट्रोक ती थांबवू शकत नाही, कारण थांबवायला मशीनकडे ब्रेकच तसा नाही. आणि डबल मारताना नवीन सिग्नल लागतच नाही, पिन आधीच अडकलेली असते. म्हणजे जो धोका त्या मशीनवर सगळ्यात मोठा, नेमका त्याच्यावर सेन्सर बिनकामाचा. बसवणाऱ्यानं बसवला, ऑडिटरनं टिक केलं, बिल पास झालं.

आणि जानेवारीच्या ट्रेनिंगमध्ये मी काय सांगितलं होतं? स्लाइड अजून माझ्याकडे आहे. "लाइट कर्टन: हात आत गेल्यास मशीन त्वरित थांबते." २७ पोरांसमोर मी ती वाचून दाखवली, वर स्वतःचं चार आण्याचं शहाणपण जोडलं, की बघा कंपनीनं तुमच्यासाठी केवढा खर्च केला.

त्या ट्रेनिंगच्या आधी तो पोरगा मशीनला घाबरून होता. जुन्या ऑपरेटरनं त्याला शिकवलेलं की रॅमवर कधी भरवसा ठेवायचा नाही, पीस काढताना एक डोळा वर. ट्रेनिंगनंतर भरवसा बसला. हे मी अंदाजानं नाही सांगत, तो स्वतः बोलला. हॉस्पिटलात मी त्याला विचारलं, अरे डबल मारतंय हे माहीत होतं, मग हात का घातलास? तर म्हणाला, "सेन्सर आहे ना साहेब. लाल झालता. लाल झालेला मी बघितला की."

यावर मी काय बोलणार.

परत आल्यावर मी पहिला रिपोर्ट फाडला नाही, तेवढी हिंमत नव्हती, पण दुसरा लिहायला घेतला. यावेळी खुर्चीत बसून नाही. त्याच मशीनवर, दुरुस्त केल्यावर, दुसऱ्या ऑपरेटरला चालवायला सांगितलं आणि मी बाजूला वही घेऊन उभा राहिलो. फक्त हात मोजले. एका पीसला हात दोनदा आत जातो, एकदा ठेवायला, एकदा काढायला. २८०० पीस, म्हणजे शिफ्टला ५६०० वेळा बोटं रॅमखाली. हा आकडा मी तोपर्यंत कधी काढलाच नव्हता, आणि मी त्या लाइनवर सहा वर्षं काढलेली.

मग चिमटा. चिमट्यानं पीस ठेवून चिमट्यानं काढायला हातापेक्षा साधारण तीन सेकंद जास्त लागत होते, स्टॉपवॉच लावून बघितलं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २८०० ला गुणलं की ८४०० सेकंद, दोन तास वीस मिनिटं. शिफ्टमधले दोन तास वीस मिनिटं आम्ही त्याच्याकडून मागत होतो आणि टार्गेट तेच ठेवत होतो. भिंतीवर "चिमटा वापरा" आणि शेजारच्या बोर्डवर २८००, दोन्हीवर सही माझीच. नाणं बटणावर का आलं हे मला तेव्हा कळलं. बाकीच्या मशीनवर गेलो तर अजून तीन ठिकाणी तेच, एके ठिकाणी नाण्याऐवजी लाकडाची खुंटी. खरं तर चांगल्या टू-हँड पॅनलमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकला सोडावी लागतात, एक बटण बांधून ठेवलं तर मशीन चालतच नाही. आमचं पॅनल गावातल्या इलेक्ट्रिशियननं दोन बटणं सिरीजमध्ये जोडून दिलेलं. शिवाय बटणं डायपासून दीड-दोन वीत अंतरावर. हाताचा वेग हिशोबाला सेकंदाला १.६ मीटर धरतात, म्हणजे रॅम खाली येईपर्यंतच्या अर्ध्या सेकंदात हात ८० सेंटिमीटर जाऊ शकतो. बटण दाबून सोडून हात आत घालायला भरपूर वेळ.

आणि चिकटणारा पीस. तो का चिकटत होता? पीस डायमधून वर ढकलणाऱ्या इजेक्टरच्या स्प्रिंगचा जोर गेलेला. किंमत काही शे रुपये. स्टोअरला इंडेंट (मागणीचा कागद) गेलेला, पडून होता, कारण पीस चिकटतो तर ऑपरेटर काढतो की हातानं, प्रॉडक्शन कुठे अडतंय.

तर अपघात दोन स्प्रिंगांचा होता. दोन्हींबद्दल माहिती असलेली माणसं फ्लोअरवर होती आणि ती माहिती कुठेच लिहिलेली नव्हती. आमच्याकडे निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, कळवायला सूचना पेटी होती, कुलूप मी उघडलं, आत एकच चिठ्ठी, कँटीनच्या चपात्या कच्च्या असतात. मशीन डबल मारतंय हे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची गोष्ट आहे हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांच्या लेखी ते मेंटेनन्सचं काम. आणि गेटवर तो बोर्ड, "अपघाताविना २१२ दिवस". असा बोर्ड लावला की बारीकसारीक कापाकापी आपोआप कळवायची बंद होते, कुणाला आकडा शून्य केल्याचं पाप नको असतं.

ठेकेदाराचं थोडक्यात. पहिल्या रात्री त्याचा फोन, खासगीत दाखवू, घरी पडला म्हणू. माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नसेल तर कारखान्याला इन्स्पेक्टरकडे नोटीस द्यावी लागते, ती आम्ही दिली, मॅनेजरांनी यात कच खाल्ली नाही हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पोराचं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मात्र अपघातानंतर निघालं, चार महिने पगारातून कापून. पुढे मेडिकल बोर्ड. कायद्याच्या शेड्यूलमध्ये तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमाईची क्षमता ११ टक्के कमी, पूर्ण बोट गेलं तर १४, एक पेर ९. हात उजवा की डावा याचा फरक नाही. त्याचा सरासरी रोज ४५० धरा, त्याच्या ९० टक्के ४०५, त्याचे ११ टक्के, दिवसाला साडेचव्वेचाळीस रुपये. आयुष्यभर मिळतात, नाही असं नाही.

बदल काय केले? पहिला आठवडा तर लाइनच बंद होती. मग टूलरूमनं दोन दिवसांत एक स्लाइड लोडर बनवला, म्हणजे ड्रॉवरसारखी पट्टी, ब्लँक बाहेरच ठेवायचा आणि पट्टी आत ढकलायची. पुढून पत्र्याचं फिक्स गार्ड, फट ६ मिलिमीटरची ठेवली, त्यातून बोट जात नाही. इजेक्टरची स्प्रिंग बदलली, पीस मागच्या बाजूनं एअरच्या फुंकरीनं बाहेर. हात आत जायचं कामच उरलं नाही, ५६०० चे शून्य. प्रॉडक्शनचा आकडा आधी घसरला, सुरुवातीला २१०० च्या वर कुणी गेलं नाही आणि त्यावरून मला मीटिंगमध्ये बरंच ऐकावं लागलं. मग हळूहळू सुधारला, पण जुन्या २८०० ला शेवटपर्यंत गेला नाही, टार्गेटच २५०० करून घेतलं. ते करून घेणं हे माझ्या मते त्या वर्षातलं माझं सगळ्यात मोठं सेफ्टीचं काम, कुठल्याच रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही.

ट्रेनिंग हॉलमधून काढून मशीनपाशी आणलं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, १९६६ साली त्या तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल स्थापन झाली म्हणून, दरवर्षी आम्ही शपथ घेतो, बिल्ले लावतो, घोषणा स्पर्धेत पहिल्याला टिफिन देतो. त्या वर्षी शपथ झाल्यावर मी सगळ्यांना एका पिन क्लच मशीनभोवती उभं केलं. आधी कर्टन तपासून दाखवला, हात मधे, लाल, बटणं दाबली, मशीन चाललं नाही. पोरं म्हणाली बरोबर आहे. मग गेटबाहेरच्या रसवंतीवरून आणलेली उसाची कांडी एका लांब पाइपच्या टोकाला बांधली, सगळ्यांना मागे सरकवलं, मामांनी बटणं दाबली आणि रॅम निघाल्याबरोबर मी बाजूनं पाइप आत सरकवला. दिवा लाल झाला. रॅम आला. कांडीचा चोथा झाला, रस डायवरून खाली गळला.

कुणी काही बोललं नाही. मागून एक ओडिशाचा पोरगा हिंदीत म्हणाला, साहब, फिर ये लाइट किस लिए है? तिथून जे बोलणं सुरू झालं ते पाऊण तास चाललं, आणि त्यात पोरांनीच एकेका मशीनची लक्षणं सांगितली. सात नंबर सकाळी थंड असताना डबल मारतं. अकरा नंबरचं पॅडल अडकतं. चार नंबरला डाय सेट करताना मामा मोटर बंद करतात पण फ्लायव्हील फिरतच असतं. हे शेवटचं मामांना लागलं, पण खरं होतं. मोटर बंद केली तरी चाक कितीतरी वेळ फिरत राहतं आणि त्या फिरण्यात एक स्ट्रोक मारायची ताकद पूर्ण असते. तेव्हापासून चाक पूर्ण थांबल्याशिवाय आणि रॅमखाली ठोकळा लावल्याशिवाय डायला हात नाही.

तेव्हापासून दर शिफ्टला दहा मिनिटं ट्रेनिंग. प्रश्न एकच, तुझ्या मशीनवर हात कुठे कुठे जातो ते करून दाखव. सांगू नको, दाखव. सांगताना प्रत्येक जण बरोबरच सांगतो. डबल मारलं की लाल टॅग, आणि टॅग ज्यानं लावला त्यानं सोडून मशीन कुणी चालू करायचं नाही, सुपरवायझरनंसुद्धा. पहिल्या महिन्यात नऊ टॅग लागले, मॅनेजर हबकले, म्हणाले अचानक एवढी मशीनं बिघडली कशी. बिघडलेली होतीच. कामगाराला कारखान्यात सुरक्षेचं ट्रेनिंग मिळणं हा त्याचा हक्क आहे हे भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं, तेव्हाच्या फॅक्टरी कायद्याचं कलम १११-ए, ते मी मोठ्या अक्षरात छापून टॅगच्या डब्यावर चिकटवलं. वाचतं कोण माहीत नाही, पण मॅनेजर वाचतात.

जे झालं नाही तेही लिहितो. पिन क्लच काढून फ्रिक्शन क्लचची मशीनं घ्यायचा प्रस्ताव मी दिला, पुढच्या बजेटला बघू म्हणाले, मी असेपर्यंत ते बजेट आलं नाही. कर्टन तसेच राहिले, फक्त प्रत्येकाखाली पाटी आली, हा रॅम थांबवत नाही, मराठी, हिंदी आणि ओडियात. तो पोरगा तीन महिन्यांनी परत आला, पॅकिंगला लावला, दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही.

आणि नाइट शिफ्ट. रात्री साडेअकराला ठेकेदार नवीन पोरं आणून उभी करायचा, बरीचशी त्याच दिवशी गावाहून उतरलेली, हातात अजून पिशवी. मामा घरी गेलेले असायचे, मी नसायचो, रसवंती बंद. त्या दहा मिनिटांसाठी रात्री माणूस लावा म्हणून मी तीनदा मेल केला होता. तोपर्यंत म्हणून एक साधा नियम केला, नवीन माणूस पहिल्या रात्री प्रेसवर नाही, स्क्रॅप उचलायला किंवा मोजायला. तो पाळला जातो का हे बघायला मी अधूनमधून रात्री दोनला गाडी काढून जायचो. बऱ्याचदा पाळलेला असायचा. दोनदा नव्हता.